शनी मीनेत गेला म्हणजे नेमका कधी गेला?

मघा_नक्षत्र | ३० मार्च २०२५, सकाळी ११:४०

नववर्षाच्या शुभेच्छा! गुढी उभारून झाली, श्रीखंडावरून घरात भांडण चालू आहे, तेवढ्यात विचारून घेते.

काल शनी अमावास्या. दुपारी ग्रहण (आपल्याकडे दिसणार नव्हतं, तरी सासूबाईंनी पिठामिठावर तुळशीपत्र ठेवलंच), आणि रात्री शनी महाराज कुंभ सोडून मीनेत. घरच्या व्हॉट्सॲप गटावर जे निरोप आले त्यात प्रवेशाची वेळ एकात पावणेदहा, दुसऱ्यात दहा वाजून सात मिनिटं, तिसऱ्यात अकरा. पुढचा मजकूर मात्र सगळीकडे तोच: मकरेची साडेसाती सुटली, मेषेला लागली, कुंभ आणि मीन चालूच. कर्क-वृश्चिकेची अडीचकी (शनी राशीपासून चौथा किंवा आठवा असतानाची अडीच वर्षं) संपली, सिंह-धनूची सुरू.

जो ग्रह एका राशीत अडीच वर्षं बसतो त्याची वेळ मिनिटांत सांगायची आणि तीही प्रत्येकाने वेगळी, हे कसं काय?

हे कुतूहल म्हणून विचारलं असतं तर वेगळं. मावसबहिणीची रास मेष आहे. लग्न ठरत आलंय. मुलाच्या आत्याबाईंनी काल निरोप धाडला की मुलीला साडेसाती लागते आहे, आणि ती लोहपादाने, तेव्हा सध्या थांबू या. मावशीने काल रात्रीपासून धड जेवण केलेलं नाही. जाणकारांनी सांगा, हा लोहपाद काय प्रकार आहे? टिंगल करणाऱ्यांनीही करा, पण उत्तर देऊन करा.

खडूस_काका | ३० मार्च, दुपारी १२:०५

अभिनंदन. शके १९४७ मधला पहिला साडेसाती धागा. शंभरी गाठणार, खुर्ची घेऊन बसलो आहे.

हिंजवडी_फेज_३ | ३० मार्च, दुपारी १२:३१

मीनेत सहा ग्रह जमले आहेत. रवी, चंद्र, बुध, शुक्र, शनी, राहू. आणि म्यानमारला ७.७ चा भूकंप झाला. बाकी तुम्ही समजून घ्या.

खडूस_काका | ३० मार्च, दुपारी १२:३८

भूकंप २८ ला झाला. तुमच्याच निरोपाप्रमाणे शनी त्या दिवशी कुंभेत होता आणि चंद्र दुपार उतरेपर्यंत मीनेत आलाच नव्हता. समजून काय घ्यायचं तेवढं सांगा.

तारांगण | ३० मार्च, दुपारी २:१५

भूकंप सगाईंग भ्रंशावरचा आहे, तिथे जमिनीचे दोन तुकडे एकमेकांना घासत सरकत असतात. त्यावर इथे आणखी नको, वेगळा धागा काढा.

मघाताई, वेळेचं सांगतो. शनीची सूर्याभोवतीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणून राशीला सरासरी अडीच वर्षं. पृथ्वीवरून बघताना तो कधी भरभर चालतो, कधी थबकतो, कधी मागे येतो. सध्या तो रोज साधारण सात कला पुढे जातो आहे. साठ कलांचा एक अंश, तीस अंशांची रास. म्हणजे एक कला ओलांडायला त्याला साडेतीन तास लागतात. रास कुठे सुरू होते याबद्दल दोन पंचांगांत अर्ध्या कलेचं जरी दुमत असलं तरी घड्याळात पावणेदोन तास इकडचे तिकडे होतात. तुमचे तिन्ही निरोप त्यात आरामात बसतात.

आणि दुमत असणारच, कारण रास जिथे सुरू होते तिथे आकाशात काहीही नाही. पाश्चात्त्य ज्योतिषी वसंतसंपातापासून मोजतात, म्हणजे सायन. त्यांच्या हिशोबाने शनी मार्च २०२३ मध्येच मीनेत गेला आणि येत्या मेअखेर मेषेत जाईल. आपण निरयन, ताऱ्यांपासून मोजतो. संपातबिंदू ताऱ्यांच्या मानाने बहात्तर वर्षांत अंशभर मागे सरकतो, त्यामुळे दोन्ही मोजण्यांत आज चोवीस अंशांहून थोडं जास्त अंतर पडलं आहे. त्याला अयनांश म्हणतात. हा आकडा जरा बदला की शनीच्या प्रवेशाची तारीख बदलते. घाटात 'अमुक जिल्हा आपले स्वागत करीत आहे' अशी पाटी असते ना? पाटी शंभर पावलं पुढे रोवली म्हणून डोंगर हलत नाही.

एक गंमत. काल ज्या ग्रहाच्या नावाने एवढं तेल वाहिलं गेलं तो दिसणं जवळपास अशक्य होतं. १२ मार्चला त्याची सूर्याशी युती होती, त्यामुळे अजून तो पहाटेच्या उजेडात बुडालेला आहे. २३ मार्चला पृथ्वी त्याच्या कड्यांच्या पातळीतून गेली. तेव्हा दुर्बिणीतून पाहता आलं असतं तर कडी नाहीशी झाल्यासारखी वाटली असती. दर पंधराएक वर्षांनी घडणारी गोष्ट, पण त्यावर एकही निरोप नाही.

रोहा_दिवा | ३० मार्च, दुपारी ३:५०

आमच्या घरी टिळक पंचांग. आमचा शनी महिनाभर आधीच मीनेत गेला, फेब्रुवारी सरता सरता. तेव्हा कुणी तेल मागायला आलं नाही, कुणाचं लग्नही मोडलं नाही.

गावातल्या निम्म्या घरांत दाते, निम्म्यांत टिळक. आमची संक्रांत १० जानेवारीला असते, शेजारच्यांची १४ किंवा १५ ला. अधिक महिना वेगळा पडला की काही वर्षी आमचे गणपती चक्क महिनाभर आधी येतात. लहानपणी आम्हाला त्याचा फार आनंद, दोन्हीकडचे मोदक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. एकोणिसाव्या शतकात आपल्या जुन्या पंचांगांतलं गणित आकाशाशी जुळेनासं झालं होतं. पंचांगात ग्रहण एका वेळेला, आकाशात दुसऱ्या. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी नव्या वेधांवरून पंचांग करायला घेतलं आणि रेवतीच्या योगताऱ्यापासून रास मोजली. त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. पुढे लोकमान्यांनी तीच बाजू उचलून धरली. दुसरा पक्ष चित्रेचा: चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर येईल अशी सुरुवात धरायची. दोहोंत फरक चार अंशांच्या आसपास. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये सरकारने मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९५५ मध्ये तिचा अहवाल आला, त्यात चित्रापक्ष धरला. साहा स्वतः फलज्योतिष मानणारे नव्हते! आज देशभरातल्या पत्रिकांच्या ॲपमध्ये जे 'लाहिरी अयनांश' असतं ते त्याच समितीचे सचिव लाहिरी यांच्या नावाचं. म्हणजे कालचा तुमचा शनीप्रवेश एका सरकारी समितीच्या निर्णयाप्रमाणे झालेला आहे.

चित्रा ठळक आहे, कुणालाही दाखवता येते. आमचा रेवतीचा तारा इतका मंद की मुंबई-पुण्यातून साध्या डोळ्यांना दिसतच नाही. या मुद्द्यावर मी घरी नेहमी गप्प बसतो.

चेट्टिनाड_सून | ३० मार्च, संध्याकाळी ५:२०

मी चेन्नईत असते. इकडे तर वेगळाच घोळ. कारैकालजवळ तिरुनळ्ळार म्हणून शनीचं मोठं देवस्थान आहे. शनी रास बदलतो तेव्हा तिथे लाखोंची गर्दी लोटते, त्याला सनी पेयर्ची म्हणतात. या वेळी देवस्थानाने स्वतःच कळवलं की आम्ही वाक्य पंचांग, म्हणजे जुन्या सूत्रांवरचं पंचांग, पाळतो, आमची पेयर्ची २०२६ मध्ये आहे, आत्ता नाही. माझ्या सासऱ्यांची रास मकर. मराठी माहेरानुसार काल सुटले, तमिळ सासरनुसार अजून वर्षभर अडकलेत. मी त्यांना माहेरचंच सांगितलं.

खडूस_काका | ३० मार्च, संध्याकाळी ५:३३

सुनेने सासऱ्यांची साडेसाती परस्पर वर्षभर कमी केली. महाराष्ट्रभूषण द्या हो कुणीतरी.

पंचांगवाला | ३० मार्च, रात्री ९:१०

दिवसभर बाहेर होतो. सणाच्या दिवशी आमच्यासारख्यांना फुरसत नसते. मी पत्रिका बघतो, त्यामुळे या धाग्यावर मला कोणत्या बाकावर बसवणार ते ठाऊक आहे. तरी मघाताईंच्या मावशींसाठी लिहितो.

साडेसाती म्हणजे जन्मराशीच्या बारावा, पहिला आणि दुसरा असा शनी. जन्मरास म्हणजे चंद्ररास, इंग्रजी पेपरातली सूर्यरास नव्हे. मेषेला मीन बारावी, म्हणून सुरुवात. गोचरीचा, म्हणजे सध्या आकाशात फिरणारा, शनी तिसरा, सहावा, अकरावा चांगला मानतात, म्हणून सध्या मकर, तूळ आणि वृषभ खुशीत.

लोहपाद म्हणजे लोखंडाचा पाया. पाया असा काढतात: शनी राशीत शिरतो त्या क्षणी चंद्र तुमच्या राशीपासून कितवा आहे ते बघायचं. १, ६, ११ असेल तर सोन्याचा पाया. २, ५, ९ चांदीचा. ३, ७, १० तांब्याचा. ४, ८, १२ लोखंडाचा. काल रात्री चंद्रही मीनेतच होता. मीन मेषेपासून बारावी, म्हणून मेषेला लोखंड. कुंभेला दुसरी म्हणून चांदी. खुद्द मीनेला सोनं. आत्याबाई नियमाने बरोबर बोलताहेत.

पण त्या अर्धंच बोलताहेत. विवाहाला आपल्याकडे परंपरेने बघतात ते मुलीचं गुरुबळ, म्हणजे तिच्या राशीपासून गुरू कितवा आहे ते. साडेसातीत लग्न करू नये असा नियम मला तरी कुठल्या मुहूर्तग्रंथात भेटलेला नाही. मेषेला आत्ता वृषभेतला गुरू दुसरा आहे, हे उत्तम गुरुबळ. १४ मेला गुरू मिथुनेत जाईल, मग तिसरा, म्हणजे मध्यम. पूजा-जप करून कार्य करतात. १८ ऑक्टोबरला कर्केत जाऊन चौथा होईल, तो लग्नाला टाळतात. तेव्हा शास्त्रच बघायचं असेल तर शास्त्र म्हणतं, लवकर करा. 'थांबू या' हे आत्याबाईंचं आहे, शास्त्राचं नाही.

राहिला प्रवेशाच्या मिनिटाचा प्रश्न. शनी २९ अंश ५९ कलांवर एक आणि शून्य अंश एक कलेवर दुसरंच फळ देतो, असं कुठलाही अनुभवी ज्योतिषी मानत नाही. काही जण जन्मचंद्राच्या अलीकडे-पलीकडे पंचेचाळीस अंश शनी असेपर्यंत साडेसाती धरतात. त्यात प्रत्येकाची तारीख वेगळी येते. दशा बघा, अष्टकवर्गात मीनेत किती बिंदू आहेत ते बघा, मूळ पत्रिकेत शनी कुठे बसलाय ते बघा. राशीवरून सरसकट सांगणं हा पेपरवाल्यांचा आणि आता मोबाईलवाल्यांचा धंदा आहे.

तारांगण | ३० मार्च, रात्री १०:४५

पंचांगवाला, पायाचं कोष्टक दिलंत ते बरं झालं. आता गणित बघा.

चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो. २८ तारखेला दुपारी साडेचार-पावणेपाचपर्यंत तो कुंभेत होता. कुंभ मेषेपासून अकरावी, तुमच्या कोष्टकात सोन्याचा पाया. म्हणजे शनीचा प्रवेश साधारण तीस तास आधी झाला असता तर त्याच मुलीचा लोखंडाचा पाया सोन्याचा झाला असता. तीस तासांत शनी चालतो नऊ कला. पौर्णिमेचा चंद्र आकाशात जेवढा रुंद दिसतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं अंतर. कृष्णमूर्ती पद्धतीचं अयनांश लाहिरीपेक्षा सहाएक कलांनी कमी आहे, त्यांचा शनी २९ च्या पहाटेच आत गेला. आणखी तीनेक कला कमी असत्या तर सोनं होतं.

केरूनाना, टिळक, साहा, लाहिरी ही सगळी माणसं अंशांवर भांडली, आणि एका मुलीचं लग्न नऊ कलांवर अडलंय.

पंचांगवाला | ३० मार्च, रात्री ११:०२

मान्य. म्हणूनच मी पाया विचारल्याशिवाय सांगत नाही. विचारला तर सांगतो, आणि वर काय बघायचं तेही सांगतो. माणूस मात्र 'लोखंड' एवढाच शब्द घेऊन घरी जातो.

प्रश्नचिन्ह | ३१ मार्च, सकाळी ९:२०

दोघेही गोड बोलून मूळ प्रश्न टाळताय. शनीचा परिणाम होतो का? जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, दाभोलकर वगैरेंनी पुण्यात चाचणी घेतली होती, २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. ज्योतिष्यांनी फक्त ओळखायचं, पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद. प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के निघाली. नाणं उडवलं असतं तर पन्नास.

पंचांगवाला | ३१ मार्च, सकाळी १०:०५

ती चाचणी जन्मपत्रिकेवरून बुद्धी ओळखण्याची होती. धागा गोचरीचा आहे. गोचरीची अशी चाचणी घ्या, मी नाव देतो.

प्रश्नचिन्ह | ३१ मार्च, सकाळी १०:११

बुद्धी पत्रिकेत दिसत नाही, पण मार्च २०२५ पासूनचा मनस्ताप दिसतो?

खडूस_काका | ३१ मार्च, सकाळी १०:४०

चाचणी घेणार कशी? साधी बेरीज करा. कोणत्याही दिवशी तीन राशींना साडेसाती आणि दोन राशींना अडीचकी. बारातल्या पाच. म्हणजे देशातल्या दर बारा माणसांतली पाचएक माणसं कायम शनीच्या तडाख्यात. तुमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट बंद पडली, कुणाची नोकरी गेली, कुणाचं पोरगं दहावीत गचकलं, तर त्या घरात एकजण तरी साडेसातीवाला नाहीतर अडीचकीवाला सापडणारच. चार माणसांच्या कुटुंबात न सापडणं हीच नवलाची गोष्ट. साडेएकोणतीस वर्षांतली साडेसात, म्हणजे आयुष्याचा चौथा हिस्सा साडेसातीत. माझी स्वतःची दुसरी साडेसाती चालू असताना मी निवृत्त झालो, पेन्शन लागलं, गुडघा दुखायला लागला, नात झाली. आता यातलं शनीच्या खात्यावर काय लिहायचं आणि बायकोच्या पुण्याईवर काय?

आजीची_गोधडी | ३१ मार्च, दुपारी ४:१५

सगळे हुशार लोक बोलून घ्या, मग मी.

आमच्याकडे साडेसाती लागली की सासूबाई दर शनिवारी मारुतीला तेल, शेंदूर आणि रुईच्या पानांची माळ घालायच्या. उडीद-मीठ द्यायच्या. पण त्यासाठी घरातलं काही थांबलेलं मी पाहिलं नाही. मोठ्या दिरांनी साडेसातीतच दुकान घातलं. साडेसाती आली म्हणजे जपून राहायचं, उधारी करायची नाही, उलटून बोलायचं नाही, असं त्या सांगायच्या. आता जो तो तारखा काढतो आणि घाबरतो.

मघा बाळा, तुझ्या मावशीला म्हणावं आत्याबाईंना फोन कर आणि सरळ विचार, शनीचं कारण आहे की हुंड्याचं. माझा अनुभव असा की लग्न नको असलं की पत्रिका आठवते.

रोहा_दिवा | ३१ मार्च, दुपारी ४:२८

आजींना साष्टांग. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

एडिसन_एनजे | ३१ मार्च, रात्री ११:५०

उशिरा आलो. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात २९ च्या दुपारी पाडव्याची तालीम चालू असताना प्रवेश झाला म्हणे. एका काकूंनी लेझीम थांबवून दोन मिनिटं डोळे मिटले. मीही मिटले, माझी रास सिंह आहे. अष्टम शनी. जॉब मार्केट बघता धोका कशाला.

मघा_नक्षत्र | २ एप्रिल, सकाळी ८:३०

सगळ्यांचे आभार. पंचांगवाला यांचा गुरुबळाचा प्रतिसाद छापून मावशीला दिला, तिने तो मुलाकडे पाठवला. तारांगण यांची नऊ कलांची गोष्ट मावशीच्या यजमानांना इतकी आवडली की ते कालपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्राचा तिसरा हिस्सा बोटांनी दाखवताहेत. आजी, तुमचा प्रश्न अजून विचारलेला नाही. हिंमत होत नाहीये.

---

पंचगंगा_काठ | १९ ऑक्टोबर २०२५, सकाळी ७:४५

धागा वर काढतोय राव. शनीचं झालं, आता गुरूचं बघा. काल धनतेरसला गुरू कर्केत गेला, उच्चीचा. आणि आमच्या गटावर चाललंय की गुरू अतिचारी झालाय, २०३२ पर्यंत जगाचं काही खरं नाही. ५ डिसेंबरला परत मिथुनेत येणार म्हणे. हे काय चाललंय? आमच्या वाडीला, नृसिंहवाडीला, गुरू कन्येत गेला की कन्यागत असतो. २०१६ ला झाला तवा अख्खा घाट माणसांनी भरला हुता. तिथं गुरू आला म्हणजे सण, इथं गुरू आला म्हणजे संकट. एकच काय ते ठरवा की.

तारांगण | १९ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

अतिचारी म्हणजे गुरू रास वर्षाच्या आत ओलांडून पुढे गेला. तो खरंच पळायला लागलेला नाही. पृथ्वी आतल्या कक्षेतून त्याला गाठून पुढे जाते, त्या काळात तो मागे सरकताना दिसतो. बाकीच्या काळात सरासरीपेक्षा वेगाने पुढे जाताना दिसतो. हा मागे-पुढे प्रकार राशीच्या मध्यावर झाला तर कुणाला पत्ता लागत नाही. हद्दीवर झाला की निरोप येतात. या खेपेला हद्दीवर आहे: मे २०२५ मिथुन, ऑक्टोबरमध्ये कर्क, डिसेंबरमध्ये पुन्हा मिथुन, जून २०२६ ला कर्क, ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंह, जानेवारी २०२७ मध्ये परत कर्क, २६ जूनला पुन्हा सिंह, नोव्हेंबरअखेर कन्या, फेब्रुवारी २०२८ मध्ये परत सिंह, आणि २४ जुलै २०२८ ला एकदाचा कन्येत. शनीचंही २०२७ मध्ये हेच होणार आहे: जूनमध्ये मेषेत, ऑक्टोबरमध्ये परत मीनेत, फेब्रुवारी २०२८ ला पुन्हा मेष. कुंभवाल्यांची साडेसाती सुटून, परत लागून, परत सुटेल. आत्तापासून सांगून ठेवतो.

पंचगंगा_काठ | १९ ऑक्टोबर, सकाळी ९:५२

३१ ऑक्टोबर २०२६ म्हणजे नाशिक-त्र्यंबकचं ध्वजारोहण. आणि २४ जुलै २०२८ ला सांगता. म्हणजे सिंहस्थ तुमच्या कोष्टकावरच चालतोय की!

तारांगण | १९ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

अगदी. रस्ते, पूल, घाट, रेल्वेगाड्या, पोलीस बंदोबस्त, सगळं एका ग्रहाच्या राश्यंतराच्या तारखेला बांधलेलं. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७. आणि दर बारा वर्षांनी हेही अगदी खरं नाही. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची, त्यामुळे दरवेळी तो थोडा लवकर येतो आणि साधारण सात फेऱ्यांत एक रास पुढे निघतो. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्येच घ्यावा लागला, अकराव्या वर्षी. त्याआधी असंच १९३८ ला झालं होतं.

खडूस_काका | १९ ऑक्टोबर, दुपारी १२:००

मी एवढ्या दिवसांनी आलो ते मावसबहिणीचं काय झालं विचारायला. गुरू गेला खड्ड्यात.

मघा_नक्षत्र | १९ ऑक्टोबर, दुपारी १:२५

काका! साखरपुडा अक्षय्य तृतीयेला झाला. आत्याबाई आल्या होत्या, पोटभर जेवल्या. लग्न जुलैआधी करायचं होतं, पण मनासारखं कार्यालयच मिळेना. मुलाला मध्येच सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं कंपनीने. आता म्हणताहेत २०२६ च्या दिवाळीनंतर, आणि नाशिकला, कारण मुलाकडचे नाशिकचे. म्हणजे नेमकं सिंहस्थात. कालच मावशीचा फोन होता: सिंहस्थात लग्न करत नाहीत ना ग?

पंचांगवाला, कृपा करा.

पंचांगवाला | १९ ऑक्टोबर, रात्री ८:४०

सिंहस्थाचा निषेध जुना आहे, पण त्याला हद्दी आहेत. मुहूर्तग्रंथांत पूर्ण निषेध सांगितलाय तो गोदावरी आणि गंगा यांच्या मधल्या प्रदेशाला. गोदावरीच्या दक्षिणेला फक्त गुरू सिंहेच्या सिंह नवांशात (राशीच्या नऊ भागांपैकी एकात) असेपर्यंत, म्हणजे १३ अंश २० कला ते १६ अंश ४० कला, तेवढाच काळ टाळतात. रवी मेषेत असताना तर तोही दोष नाही म्हणतात. शिवाय जानेवारीअखेर ते जून २०२७ गुरू पुन्हा कर्केत आहे, तेव्हा सिंहस्थाचा प्रश्नच नाही. मेषेच्या मुलीला तो चौथा येतो, तेव्हा मी स्वतः ३१ ऑक्टोबर २०२६ नंतरचे दिवस बघेन. सिंहेतला गुरू मेषेला पाचवा, उत्तम. पंचांगात त्या काळातले विवाहमुहूर्त येतीलच. जागा मात्र बघून घ्या.

रोहा_दिवा | १९ ऑक्टोबर, रात्री ८:५५

जागा? नाशिक शहर गोदावरीच्या दोन्ही काठांवर आहे हो.

पंचांगवाला | १९ ऑक्टोबर, रात्री ९:०१

म्हणून तर म्हणतोय. पंचवटी डाव्या काठाला, म्हणजे निषेधाच्या प्रदेशात. कॉलेज रोड, गंगापूर रोड उजव्या काठाला.

मघा_नक्षत्र | १९ ऑक्टोबर, रात्री ९:२०

त्यांनी आगाऊ रक्कम भरलेलं कार्यालय पंचवटीत आहे.

खडूस_काका | १९ ऑक्टोबर, रात्री ९:२२

रक्कम परत मिळते का तेवढं आधी विचारा.